देवांच्या वाटेनं गोवा

शुक्रवार

आईची एकच अट होती, गाडी दिवसाची हवी. रात्रीच्या गाडीनं गेलं की अख्खं कोकण झोपेत निघून जातं, असं तिचं म्हणणं. म्हणून सकाळची मांडवी एक्स्प्रेस धरली. आई, मी आणि माझी लेक. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, मग पानवल नदीवरचा तो उंच पूल. लेकीनं मोबाइल बाजूला ठेवला आणि खिडकी धरली ती सावंतवाडीपर्यंत सोडली नाही.

मी गोव्याला पहिल्यांदा गेले १९७९ च्या मे महिन्यात, बोटीनं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची, डेकवर सतरंज्या अंथरून जागा धरायची, वाटेतल्या बंदरांपाशी पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन लागायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या मुखातून आत शिरून थेट पणजी. ती सहल नव्हती. धाकट्या भावाची मुंज ठरली होती आणि त्याआधी कुलदैवताला जाऊन यायचं होतं. आमचा देव मंगेश, देवी शांतादुर्गा. वडिलांची आई, आम्ही तिला माई म्हणत असू, सगळ्यांना घेऊन निघाली होती. मंगेशी, कवळे, पुन्हा मंगेशी आणि परतीची बोट, एवढाच आमचा गोवा.

त्या वेळचं फार थोडं आठवतं. तळीचं हिरवं पाणी, अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या यात्रीनिवासाच्या, खोलीतला कापराचा वास आणि रात्री अंथरुणावर माईनं सांगितलेली गोष्ट. आपले देव मूळचे इथले नव्हेत, ते काळोख्या रात्री नदी ओलांडून इथं आले. कुठली नदी, असं विचारलं की ती नुसता पलीकडे हात करायची. त्या पलीकडच्या गावांना आम्ही गेलोच नाही. पुढे शाळेत आणि नंतर पुस्तकांत त्या गोष्टीतला इतिहास कळत गेला, सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा लोकांनी देव नदीपार नेले होते. पण नदी पाहायची राहून गेली. या वेळी दोन्ही काठ पाहायचे, एवढं पक्कं ठरवून निघालो होतो.

संध्याकाळी करमळीला उतरलो. स्टेशनला लागूनच तळं आहे आणि त्यावर पाखरांची गर्दी होती. तिथून पणजीला जाताना रायबंदरनंतर पाण्यामधून सरळ जाणारा लांबलचक जुना रस्ता लागतो, तो सतराव्या शतकातला. दोन्ही बाजूंना मिठागरं आणि खारफुटी. त्यावरून आजही बसगाड्या धावतात.

शनिवार

पणजी पाहावी ती सकाळी लवकर. सायकलवरचा पदेर भोंपू वाजवत पाव विकत हिंडत असतो, दुकानं अजून उघडलेली नसतात आणि मळा या भागातून फोंताईन्हास या जुन्या वस्तीकडे जाणाऱ्या गल्ल्या रिकाम्या असतात. पिवळी, निळी, तांबडी घरं, बाहेर झुकलेले सज्जे, दारावर काचेच्या फरशीत लिहिलेली नावं. दहानंतर इथं फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लोकांनी दारावर लावल्या आहेत, आणि माझ्या मते त्या पाळायला हव्यात. आत माणसं राहतात, म्हातारी माणसं खिडकीत बसून चहा पितात. लेकीनं कॅमेरा पिशवीत ठेवला आणि आम्ही नुसत्या चालत राहिलो.

भाजी-पाव खाल्ला. पातळ भाजी, सुकी भाजी आणि दोन्ही एकत्र केली की मिक्स. सोबत पोई. ही कोंड्याची, आतून पोकळ पोई पूर्वी माडाच्या सुरेनं आंबवत असत. आईला ती इतकी आवडली की पुढे रोज सकाळी पदेराचा भोंपू ऐकू आला की ती आधी दारात.

चर्चच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या चढून वर गेलो तेव्हा या प्रवासाचं सूत्र अवचित हाती लागलं. वर टांगलेली ती प्रचंड घंटा मूळची इथली नाही. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला आणि घंटा पणजीत आली. राजधानीही अशीच आली, १८४३ साली. जुन्या गोव्यात रोगराईनं माणूस टिकेना, तेव्हा सरकार उठून मांडवीच्या मुखाजवळ येऊन बसलं. म्हणजे नदी ओलांडून गेले ते फक्त आमचेच देव नव्हेत. गोव्यात जे जे मोठं आहे त्यातलं बरंच दुसरीकडून उठून आलेलं आहे. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी तेच विचारू लागलो, हे आधी कुठं होतं?

नदीकाठी आदिलशहाचा राजवाडा आहे. पुढे पोर्तुगीजांचं आणि मग गोव्याचं सचिवालय इथंच होतं. शेजारी आबे फारियाचा पुतळा. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा धर्मगुरू पॅरिसला गेला आणि संमोहनात शक्ती संमोहन करणाऱ्याची नसते, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनाची असते, हे त्यानं मांडलं. दोन्ही हात पसरून तो एका स्त्रीवर झुकला आहे. शिल्प १९४५ चं, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांचं. समोरच्या धक्क्याकडे बोट दाखवून आई म्हणाली, “इथंच उतरलो होतो आपण. तू माईचा पदर सोडत नव्हतीस.” मला ते आठवत नाही. नदीत आता कॅसिनोंची जहाजं नांगरलेली आहेत, दिवसाही दिवे लावून. ती पाहून वाईट वाटलं. ज्या पाण्यातून गावोगावची माणसं या शहरात उतरली, ते पाणी असं अडवलेलं पाहवत नाही.

दुपारनंतर जुनं गोवं. नोव्हेंबरची अखेर, त्यामुळे संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना चालू होती. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस प्रार्थना आणि ३ डिसेंबरला फेस्त. बाहेर मोठा मांडव, कोकणीतून प्रवचन, रस्त्याच्या कडेला मेणबत्त्यांची, चण्यांची, काड्यो-बोड्यो या गोड खाऊची दुकानं. सावंतवाडी आणि बेळगावकडून चालत आलेली माणसं पाय पसरून झाडाखाली बसली होती. कपाळाला कुंकू लावलेल्या बायकाही रांगेत होत्या. गोव्यात या संताला ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि नवस बोलताना धर्म आड येत नाही.

बॉम जीझसची बॅसिलिका बाहेरून तांबड्या जांभ्याची दिसते ती मुळात तशी नव्हती. तिचा गिलावा विसाव्या शतकात काढला गेला. बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला पुरं झालं. आत उजव्या हाताला संताची समाधी आहे. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकनं पाठवलेला, वरची चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवलेली. त्या पेटीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. परदेशी संताच्या आयुष्यातले प्रसंग आपल्याकडच्या सोनाराच्या हातानं इतक्या बारकाईनं उठवलेत. आणि हा संतही दुसरीकडून आलेला. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्याचा मृत्यू झाला, देह गोव्यात आला १५५४ मध्ये. आईनं हात जोडले. मला मात्र तिथं एकाच वेळी दोन गोष्टी जाणवत होत्या. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि मधल्या थोड्या खंडाचा अपवाद सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. त्याच १५६० साली मंगेश आपलं गाव सोडून निघाला. हे विसरून मला इथं उभं राहता येत नाही. आणि शेजारी उभ्या असलेल्या, भेगाळलेल्या टाचांच्या, तीन दिवस चालत आलेल्या बाईची श्रद्धा माझ्या आईच्या श्रद्धेहून वेगळी नाही, हेही तितकंच खरं.

से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. संध्याकाळी टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांपाशी गेलो. छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा एक उभा भाग तेवढा उरला आहे, शेहेचाळीस मीटर उंच. पणजीच्या घंटेचं हे घर. इथंच जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष पुरातत्त्व खात्याला सापडले आणि २०२१ मध्ये त्यांतला एक भाग भारतानं जॉर्जियाला भेट दिला. लेक म्हणाली, “म्हणजे इथून परतही जातात.”

रविवार

व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ खाली गेलं की दिवाडी बेटाची फेरीबोट मिळते. माणसांना तिकीट नाही, गाडीला किरकोळ पैसे. आजपासून टॅक्सी ठरवली होती. चालक माशेलचे, पन्नाशीचे. आईला पाहताच त्यांनी पुढची सीट मागे सरकवून दिली आणि विचारलं, “खंयच्यान आयल्यात, मांय?” आईची कोकणी लहानपणीची, मोडकीतोडकी. पण त्या एका हाकेनं ती जी सुरू झाली ती परत येईपर्यंत थांबली नाही.

दिवाडी बेटावर उतरल्यावर पहिली दिसते ती खाजन जमीन. समुद्राच्या भरतीचं खारं पाणी नद्यांतून इतकं आत येतं. ते बांध घालून अडवायचं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी भरती-ओहोटीप्रमाणे आत-बाहेर सोडायचं आणि मिळवलेल्या जमिनीत भात पिकवायचं. ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची, गावकऱ्यांनी मिळून सांभाळलेली. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद हे नाव दिलं आणि १५२६ मध्ये तिचे नियम लिहून काढले. भात कापून झालं होतं, खुंटांमध्ये बगळे उभे होते. गोव्याच्या जाहिरातीत हे कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते गोव्यातलं सगळ्यांत मोठं बांधकाम हेच आहे.

टेकडीवरच्या पिएदादच्या चर्चशेजारी दफनभूमीत एक छोटी घुमटी आहे. तिच्या छतावर कदंबकाळातलं दगडी कोरीवकाम आहे. बाहेरून कळतसुद्धा नाही. मान वर करून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

या बेटावर कदंब राजांचा देव होता, सप्तकोटेश्वर. ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ असं ते आपल्या नाण्यांवर कोरत. देऊळ बहामनींच्या काळात पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभं केलं, पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं, असं सांगतात. तिथून ते काढून लोकांनी नदीपार डिचोलीच्या मुलखात नेलं. बेटाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा फेरी आहे. काठावरच्या गावाचं नाव नार्वे आणि पलीकडच्याही गावाचं नार्वेच. देव नेणाऱ्यांनी गावाचं नावही सोबत नेलं.

पलीकडे झाडीत दडलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ ठेंगणं, साधं, कौलारू उतरणीचं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे पुरातत्त्व खात्यानं नीट दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. लेकीला महाराजांचा गोव्याशी संबंध एवढ्या जवळून ठाऊक नव्हता. पाटी तिनं मोठ्यानं वाचली, आईला ऐकू जावी म्हणून. गाभाऱ्यात ते उभ्या पैलूंचं लिंग पाहिलं. राजांनी पूजलेलं, विहिरीवर लटकलेलं, होडीतून आलेलं. त्याच्यावर तेव्हा ताजं बेलाचं पान होतं.

माशेलला देवकी-कृष्णाचं दर्शन घेतलं. कृष्ण इथं राधेसोबत नाही, रुक्मिणीसोबतही नाही, आईसोबत आहे. हा देव चोडण बेटावरून आलेला. चालकांच्या घरी चहा झाला, तिथं टेबलावर मराठी वर्तमानपत्र होतं. आमच्याकडे बोलायला कोकणी, वाचायला आणि नाटकाला मराठी, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं. जत्रेतली नाटकं या भागात मराठीच.

संध्याकाळी म्हार्दोळ. म्हाळसा मूळची वेर्ण्याची. अंगणातली उंच पितळी समई कासवाच्या पाठीवर उभी आहे. रविवारी पालखी निघते. शिंगं, ताशा, मग देवीची पालखी आणि मागून हलक्या आवाजात गाणाऱ्या बायका. जाईच्या फुलांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, देवळाबाहेर माळी गजरे बांधत बसले होते. लेकीनं पहिल्यांदा स्वतःहून गजरा मागून घेतला. मुक्काम देवळाच्या अग्रशाळेत. खोल्या साध्या, स्वच्छ, रात्री गार.

सोमवार

मंगेशीला सोमवारीच जायचं, हे आईनं घरीच ठरवलं होतं. रस्त्यापासून देवळापर्यंतची वाट आता फुलं, नारळ, काजू, कोकम यांच्या दुकानांनी भरली आहे. १९७९ मध्ये इथं माडांच्या बागेतून चालत गेल्याचं मला अंधुक आठवतं. पण पायऱ्या उतरून तळीपाशी आलं, पांढरा सात मजली दीपस्तंभ दिसला आणि पाय आपोआप थांबले. तो मला तेव्हा आभाळाएवढा वाटला होता. आज लहान वाटेल, अशी मनाची तयारी करून आले होते. तसं झालं नाही. तो उंचच आहे.

आईनं अभिषेक सांगितला, नाव-गोत्र सांगितलं. पुजाऱ्यांनी वडिलांचं नाव विचारलं तेव्हा तिचा आवाज क्षणभर अडला. मग तिनं ते स्पष्ट उच्चारलं.

ही देवळं पाहताना बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. शिखराच्या जागी अष्टकोनी घुमट, कमानीच्या खिडक्या, सभामंडपात काचेची झुंबरं. कारण सरळ आहे. देव आले सोळाव्या शतकात, आरंभी साध्या जागेत बसले. मोठी देवळं बांधली गेली अठराव्या शतकात, मराठ्यांच्या आश्रयानं. बांधणारे हात मात्र इथलेच, चर्चं बांधून तयार झालेले. मंगेशी हे गाव पेशव्यांनी १७३९ मध्ये देवाला दिलं, रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या सांगण्यावरून. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ १७३८ चं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकारानं झालेलं. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे आला तो १७६३ नंतर. तोवर छळाची धार बोथट झाली होती, म्हणून ही देवळं राहिली. मुंबईला परत आल्यावर कुणी मला ‘ती देवळं चर्चसारखी का दिसतात’ असं विचारलं, तर मी हेच सांगणार आहे.

दुपारी गाभारे बंद असतात. तेवढ्यात महाप्रसाद. वरण-भात, खतखतं, त्यात तेफळांचा तो जिभेला झिणझिण्या आणणारा वास, आणि शेवटी मणगणं. चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. आईनं दोनदा मागून घेतलं. माईच्या हातचं मणगणं तिला शेवटपर्यंत जमलं नाही असं ती म्हणत असे. इथं पहिल्याच घासाला तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली.

नागेशीचा देव मात्र कुठून आलेला नाही. तो इथलाच, बांदिवड्याचा. विजयनगरच्या काळातला १४१३ चा शिलालेख तिथं आहे. सभामंडपात वर लाकडात कोरलेले, रंगवलेले रामायणाचे प्रसंग आहेत. तळीत मासे. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि कुणालाही उठावंसं वाटेना. आईच्या गुडघ्यांना एवढी विश्रांती पुष्कळ झाली.

कवळ्याला ओटी भरली. शंकर आणि विष्णू यांच्या भांडणात मध्ये पडून दोघांना शांत करणारी ही देवी. तिचं जुनं नाव सांतेरी, आणि सांतेरी म्हणून गोव्यात गावोगाव वारुळाची पूजा होते. माईनं १९७९ मध्ये नेसवलेल्या साडीचा रंग आईला अजून आठवत होता, हिरवा, काठ तांबडे. तिनं तसलीच आणली होती.

संध्याकाळी पुन्हा मंगेशीला, पालखीसाठी. वाजंत्री सुरू झाली, पालखी देवळाभोवती फिरू लागली. याच गावात १९०० मध्ये दीनानाथ मंगेशकरांचा जन्म झाला. गायिका केसरबाई केरकर जवळच्या केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. केसरबाईंचा आवाज १९७७ पासून व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात चालला आहे. एवढ्याशा मुलखातून एवढं गाणं कसं आलं याचं उत्तर देवळांत आहे. देवळाच्या सेवेला बांधलेल्या घराण्यांनी गाणं सांभाळलं आणि त्याची किंमत त्या घराण्यांतल्या बायकांनी मोजली. पालखीपुढे गाणाऱ्यांचा आवाज ऐकताना हेही आठवायला हवं.

मंगळवार

आज उलटी वाट. देव जिथून निघाले तिकडे.

फोंड्याहून बोरीच्या पुलावरून झुआरी नदी ओलांडली की साष्टी तालुका लागतो. लोटली हे रामनाथाचं, असंच उठून गेलेल्या आणखी एका देवाचं, मूळ गाव, आज जुन्या, देखण्या ख्रिस्ती वाड्यांसाठी ओळखलं जातं. पुढे वेर्णे. म्हाळसेच्या मूळ जागी अलीकडे पुन्हा देऊळ उभं राहिलं आहे, मोठं, नवं, भोवती शांत माळ. दर्शन घेतलं आणि निघालो.

कुट्ठाळी म्हणजे जुनं कुशस्थळी, मंगेशाचं मूळ गाव. महामार्गाचा गोंगाट, माशांचा बाजार, आणि खाली झुआरी. पोथ्यांतली अघनाशिनी. १९७९ मध्ये इथं तिच्यावर पूल नव्हता, आज नवा प्रशस्त पूल आहे आणि त्याच्या दोरांच्या सावल्या पाण्यावर पडतात. आम्ही खाली काठाशी उतरलो. ओहोटी होती. पलीकडचा काठ बराच लांब. आईनं चालकांना विचारलं, “एवढी रुंद? आणि रात्री?” ते म्हणाले, “रात्रीच, मांय. दिवसा कोण जाऊ देणार?”

माईचं बोट रात्री अंधारात कुणीकडे होतं ते मला तिथं कळलं. लहानपणी मी त्या गोष्टीत फक्त देव पाहिला होता, होडीत बसलेला. आज माणसं दिसली. दगडाचं लिंग उचलायला किती जण लागले असतील, होडीवाला कोण होता, त्यानं किती घेतलं की काहीच घेतलं नाही, तान्ह्या मुलाच्या तोंडावर कुणी हात धरला असेल. आणि जे मागे राहिले ते? शेत, घर, म्हातारी माणसं सोडून ज्यांना जाता आलं नाही, त्यांनी नाव बदललं, देव बदलला आणि त्याच जमिनीत भात लावत राहिले. गेलेले आणि राहिलेले एकाच गावचे होते. मंगेशीच्या अंगणात उभं राहून हे सुचत नाही. त्यासाठी कुट्ठाळीच्या या काठावर यावं लागतं.

चालकांनी मग कुंकळ्ळीची हकिकत सांगितली. तिथली देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. दरवर्षी शिमग्यात रंगीत छत्र्यांच्या मिरवणुकीनं ती आपल्या गावी येते, आणि बारा घराण्यांच्या मानात ख्रिस्ती घराणीही आहेत. आई म्हणाली, “मग तोडलं कुणी? नदीनं तर नाही.” मी काही बोलले नाही, पण तिचा हात धरून वर आले.

केळोशी हे शांतादुर्गेचं मूळ गाव. देवळाची जागा आजही देऊळभाट म्हणून ओळखली जाते. माडांची सावली, एक-दोन घरं, कुत्रं भुंकतं. पाहायला काही नाही असं कुणी म्हणेल. आईनं पिशवीतून कवळ्याच्या ओटीचे थोडे तांदूळ काढले आणि एका माडाच्या बुंध्याशी ठेवले. हे तिनं आम्हाला आधी सांगितलं नव्हतं.

आणि मग समुद्र. किनारा तिथून फार लांब नाही, पांढऱ्या वाळूचा, सरळसोट, त्या दिवशी जवळजवळ रिकामा. लेकीनं इतक्या दिवसांत किनाऱ्याचं नावही काढलं नव्हतं, म्हणून तिला भरपूर वेळ दिला. ती पाण्यात, आई खुर्ची टाकून वाळूत, मी दोघींच्या मध्ये. जेवण किनाऱ्याजवळच्या साध्या खानावळीत. शितकडी, तिसऱ्यांचं सुकं, रव्यात तळलेलं इसवण, किसमूर, सोलकढी. देवदर्शन झाल्यावर मासे, हा आमच्या घरचा जुना क्रम. आई इतकी खूश होती की खानावळवाल्या बाईंना आत जाऊन सांगून आली. मुक्काम बाणावलीला.

बुधवार

परतीची मांडवी एक्स्प्रेस मडगावहून सकाळी. लेकीनं दोदोल आणि बेबिंक घेतलं, आईनं तेफळं आणि आमसुलं.

ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे त्यांना सांगावंसं वाटतं की आमच्यासारखं आधी मंगेशी-कवळे आणि मग साष्टी असं करू नका. मडगावला उतरा, पहिल्या दिवशी केळोशी, वेर्णे, कुट्ठाळी, लोटली पाहा आणि बोरीचा पूल ओलांडून संध्याकाळी फोंड्यात या. देव ज्या दिशेनं आले त्याच दिशेनं. पालखीसाठी मंगेशीला सोमवार आणि म्हार्दोळला रविवार धरा, गाभारे दुपारी बंद असतात हे ध्यानात ठेवा. अंगभर कपडे हवेत. अग्रशाळेच्या खोलीसाठी देवस्थानाकडे आधी विचारून ठेवलेलं बरं, जत्रेच्या दिवसांत मिळत नाही. दिवाडी आणि नार्वे यांसाठी वेगळा दिवस द्या आणि गाडी फेरीत घाला, पुलानं फिरून जाऊ नका. सोबत वडीलधारं माणूस असेल तर पुढची सीट त्यांना द्या. गोव्यातले चालक त्यांच्याशी जे बोलतात ते आपल्याशी बोलत नाहीत.